रनओव्हरनंतरचं डोकं: पीटीएसडी आणि संमोहन उपचार, एका निवृत्त मोटरमनच्या हिशोबाने

पीटीएसडी म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात घर करून राहणारा त्रास. हे मुख्यतः रनिंग स्टाफसाठी लिहितोय, म्हणजे मोटरमन, गार्ड, लोको पायलट. पण ज्याने मोठा अपघात पाहिलाय, पुरातून जीव वाचवलाय, घरात मार खाल्लाय, त्यालाही यातलं बरंच लागू पडेल.

मुंबईच्या लोकल मार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. त्यातली बरीचशी रूळ ओलांडताना. त्या प्रत्येकासमोर एक काच असते आणि काचेमागे कुणीतरी बसलेलं असतं. गाडीखाली माणूस येणं, याला आमच्या भाषेत 'रनओव्हर' म्हणतात आणि लॉबीत, म्हणजे रनिंग स्टाफ हजेरी लावतो त्या ऑफिसात, त्याबद्दल हवापाण्यासारखं बोललं जातं. माझ्या बाबतीत जेवणाच्या डब्याची एक हिरवी पिशवी डोक्यात राहिली. संध्याकाळची वेळ, फास्ट लाइन, रुळात ती पिशवी घेतलेला, कानात इअरफोन घातलेला पोरगा. हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला. भरलेली बारा डब्यांची गाडी त्या वेगात काही शे मीटर गेल्याशिवाय थांबत नाही, हे शाळकरी पोरालाही गणिताने कळेल. मेमो, म्हणजे घटनेची लेखी नोंद, लिहिला, त्यात किलोमीटर खांबाचा नंबर टाकला, आणि गाडी पुढे नेली. न्यावीच लागते, मागे गाड्या खोळंबलेल्या असतात.

त्रास कसा ओळखायचा

पीटीएसडी म्हटलं की लोकांना किंचाळून उठणारा माणूस दिसतो. तसं असतंही, पण रोजच्या जगण्यात तो फार साध्या रूपात येतो. माझी मूठ झोपेत आवळलेली असायची. जुन्या गाड्यांत डेडमन हँडल दाबून धरावं लागतं, हात सुटला की ब्रेक लागतात. बायको रात्री हलवून उठवायची, "अहो, चादर सोडा, फाटेल." मुलाची डब्याची पिशवी दाराशी खुंटीला असायची, तिच्याकडे पाठ करून मी चपला घालायचो. ब्रेकब्लॉकचा जळका वास तर नोकरीचाच भाग, पण तोच वास रिक्षाच्या ब्रेकमधून आला की छातीत धडधड आणि तळहाताला घाम.

डॉक्टर याचे चार गट करतात. एक, घटना पुन्हा पुन्हा समोर येणं, स्वप्नात किंवा जागेपणी. दोन, टाळाटाळ: ती जागा, तो विषय, ती माणसं टाळणं. तीन, मन बधिर होणं आणि स्वतःबद्दल वाईट वाटत राहणं. 'मीच मारलं' हा विचार या तिसऱ्या गटातला, आणि आमच्या लोकांत सगळ्यात जास्त हाच. चार, सतत सावध असणं: झोप उडणं, चिडचिड, कुकरच्या शिट्टीने दचकणं, हॉटेलात दाराकडे तोंड करून बसणं.

घटनेनंतरचे पहिले काही आठवडे असं होणं साहजिक आहे आणि बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. महिना उलटूनही हेच चालू असेल, आणि त्यापायी काम, घर, झोप बिघडत असेल, तर त्याला पीटीएसडी म्हणायचं की नाही ते तज्ज्ञ ठरवतो. त्यासाठी पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची यादी वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी. एकतीस-तेहतीसच्या पुढे आकडा गेला की नीट तपासणी हवी. हा आकडा लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

पहिल्या दिवसांत काय करू नये, तेही सांगतो. भोवती बसून "सांग ना, नेमकं काय झालं, सगळं सांग" असं कुणाला करायला देऊ नका. बोलावंसं वाटलं तर बोला, जबरदस्तीने ओकायला लावण्याचा फायदा नाही हे आता जगभर मान्य झालंय. "एक क्वार्टर मार, झोप लागेल" हा सल्ला तर प्रत्येक लॉबीत मिळतो. दारूने झोप लागते पण मध्यरात्री तुटते, आणि स्वप्नं जास्त वाईट होतात. शिवाय साइन ऑन करताना, म्हणजे ड्यूटीवर हजर होताना, ब्रेथ अॅनालायझरही आहेच. झोपेच्या गोळ्या मेडिकलवाल्याच्या ओळखीने आणून खाणं हा त्याचाच भाऊ.

गावाकडे बाधा झाली म्हणून उतारा टाकणारेही भेटतील. लिंबू-मिरचीपर्यंत ठीक आहे, पण कुणी मारून-चटके देऊन भूत काढायला निघाला तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सरळ पोलिसात जा.

रेल्वे, आघात आणि संमोहन: जुनं नातं

थोडं विषयांतर करतो, कारण हे कळल्यावर मला बरं वाटलं होतं. आघाताने शरीर धडधाकट असूनही माणूस कोलमडतो, ही गोष्ट डॉक्टरांनी गंभीरपणे मांडली ती सैनिकांमुळे नव्हे, आगगाडीच्या अपघातांमुळे. १८६६ साली लंडनच्या जॉन एरिक एरिकसन या सर्जनने त्यावर पुस्तक लिहिलं. हाडं शाबूत, पण झोप नाही, स्मरण नाही, काम होत नाही, असे प्रवासी त्याच्याकडे येत होते. लोक त्याला 'रेल्वे स्पाइन' म्हणू लागले. एरिकसनला वाटलं की पाठीच्या कण्याला हादरा बसतो. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज याने म्हटलं की कण्याला काही नाही, ही भीतीची करामत आहे. हा पेज रेल्वे कंपनीचा सर्जन होता, म्हणजे भरपाईचा मुद्दा त्यात होताच. त्याच सुमाराला पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को हा मज्जाविकारांचा मोठा डॉक्टर रुग्णांना संमोहित करून, अपघातात आलेल्यासारखा लुळेपणा नुसत्या सूचनेने आणून दाखवत होता. पहिल्या महायुद्धात सैनिकांवरही संमोहन वापरलं गेलं. आणि पीटीएसडी हे नाव अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं ते थेट १९८० मध्ये. तेव्हा "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" म्हणणाऱ्या ज्येष्ठांना सांगा, दीडशे वर्षांपूर्वीही होती, आणि ती रुळांवरूनच आली.

संमोहनाकडून किती अपेक्षा ठेवायची

गणेशोत्सवातला संमोहनाचा प्रयोग पाहिलेला माणूस दोन गोष्टी डोक्यात घेऊन येतो. एक, मला बेशुद्ध करून कांदा सफरचंद म्हणून खायला लावतील. दोन, ती आठवण पुसून टाकतील. दोन्ही विसरा. संमोहनात माणूस बेशुद्ध नसतो, बाहेरचा पंखा ऐकू येतो, नको ते सांगितलं तर डोळे उघडून उठून जाता येतं. आणि आठवण पुसली जात नाही. हिरवी पिशवी मला आजही आठवते. फरक एवढाच की ती आता आठवते, अंगावर येत नाही.

पीटीएसडीवर सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो आघातावर थेट काम करणाऱ्या बोलण्याच्या उपचारांचा: सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम), प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम). औषधांत सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारखी. संमोहन त्यांच्या जोडीला बसतं. १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये ११२ जणांवर तीन उपचारांची तुलना झाली, त्यात संमोहन एक होतं. नुसती वाट पाहणाऱ्यांपेक्षा तिघेही गट सुधारले, आपसात फार फरक नव्हता. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात रिचर्ड ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी अपघात किंवा हल्ल्यानंतर लगेचच्या त्रासात सीबीटीला संमोहनाची जोड दिली. उपचार संपताना घटना पुन्हा समोर येण्याचा त्रास त्या गटात जास्त कमी झाला होता, पण सहा महिन्यांनी दोन्ही गट जवळपास सारखे झाले. म्हणजे संमोहनाने वाट सोपी होते, चालावं आपल्यालाच लागतं. "तीन सिटिंगमध्ये पीटीएसडी मुळापासून गायब" अशी पाटी दिसली तर पुढे चला.

सगळे सारखे संमोहित होत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. साधारण दहा-पंधरा टक्के लोक पटकन आणि खोल जातात, तेवढेच जवळजवळ जात नाहीत, बाकी मधले. मी मधला. आमचा एक गार्ड मात्र खुर्चीत बसताच मान टाकायचा, पण तो गाडीतही तसाच होता.

कुणाकडे जायचं

आपल्याकडे 'हिप्नोथेरपिस्ट' असं लिहायला दोन दिवसांचा कोर्स पुरतो. म्हणून संमोहन येतं का हे नंतर विचारा, आधी माणूस कोण आहे ते बघा. मानसोपचारतज्ज्ञ असेल तर मानसोपचारातली एमडी पदवी किंवा डीपीएम पदविका आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी, तिचा नंबर मागायला लाजू नका. मग विचारा: आघाताच्या केसेस करता का? संमोहन कुठे शिकलात? माझा त्रास वाढला तर काय कराल? शेवटच्या प्रश्नावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका.

पूर्वजन्मात नेणारे, "तुझ्या लहानपणी काहीतरी दडलंय, ते बाहेर काढू" म्हणणारे टाळा. संमोहनात माणूस न घडलेल्या गोष्टीही आठवणी म्हणून सांगतो, आणि वर त्याची खात्रीही वाढते. ज्यांची केस कोर्टात आहे, साक्ष द्यायची आहे, त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय घटनेच्या आठवणीवर संमोहन करूच नये.

खिशाचा विचार असेल तर सरकारी ओपीडीपासून सुरुवात करा. केईएम, सायन, नायर, जेजे इथे मानसोपचार विभाग आहेत. ठाण्यात, येरवड्यात, नागपुरात, रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे संमोहन मिळेलच असं नाही, पण निदान आणि औषध केसपेपरच्या पैशांत होतं. रात्री-अपरात्री बोलायला टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मोफत, मराठीतही. जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असा विचार येत असेल तर संमोहन बाजूला ठेवा, आज हा फोन करा किंवा घरच्या कुणालातरी सोबत घेऊन दवाखान्यात जा.

भास होणं, कुणीतरी बोलतंय असं ऐकू येणं, अतिउत्साहाचे झटके, रोजची दारू, मध्येच 'मी कुठे होतो' असं तासन्‌तास हरवणं, यातलं काही असेल तर ते आधी सांगा. फिट्सचा आजार असेल तरी सांगा. अशा वेळी संमोहन थांबवतात किंवा जपून करतात.

सिटिंगमध्ये काय होतं

चांगला थेरपिस्ट पहिल्या भेटीत घटनेला हात लावत नाही. पहिल्यांदा शांत व्हायला शिकवतो. भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघायचं, पापण्या जड होऊ द्यायच्या, दहापासून उलटे आकडे. मग एक सुरक्षित जागा. माझी जागा संगमेश्वरकडच्या आजोळची पडवी होती: पावसाळा, झोपाळ्याची करकर, चुलीवरचा कुळीथ. वास, आवाज, पायाखालची गार जमीन, सगळं बारकाईने आणायचं. ती जागा नीट लागली की अंगठा आणि तर्जनी जुळवायची, म्हणजे पुढे नुसती बोटं जुळवली तरी शरीराला तो निवांतपणा आठवतो. हे पक्कं होईपर्यंत पुढे जायची घाई करू नका, थेरपिस्टने केली तरी थांबवा.

त्यानंतर घटना. डोळे मिटून समोर एक पडदा धरायचा, आपण लांब बसलेले. रिमोट आपल्या हातात. चित्र काळंपांढरं करता येतं, लहान करता येतं, आवाज बंद करता येतो, थांबवता येतं. मला उपयोगी पडली ती पडद्याचे दोन भाग करण्याची पद्धत, डेव्हिड स्पीगेल या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने मांडलेली. डाव्या भागात घटना. उजव्या भागात, त्याच क्षणांत आपण स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवायला काय केलं ते.

डावीकडे पिशवी होती. उजवीकडे काय ठेवायचं ते मला सुचेना. डॉक्टरांनी विचारलं, "तेव्हा तुमचे हात काय करत होते?" एक हात हॉर्नवर, दुसरा ब्रेकवर. मेमोत मी स्वतःच लिहिलेलं होतं, हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला, पण ते कागदावर होतं, डोक्यात नव्हतं. तेवढ्या सेकंदांत माझ्या हातांनी त्या पोरासाठी जे करता येतं ते सगळं केलं होतं. त्या दिवशी मी खुर्चीत रडलो, बऱ्यापैकी मोठ्याने. डॉक्टरांनी पाणी पुढे केलं आणि पडदा बंद करून पडवीत नेलं. त्यानंतर 'मीच मारलं' हा विचार येत राहिला, पण त्याच्या शेजारी ते दोन हातही यायला लागले.

शेवटी एक ते पाच मोजून बाहेर आणतात. लगेच उठू नका. पाणी प्या, पाय जमिनीवर दाबा, आजूबाजूच्या पाच वस्तू मनात मोजा. स्कूटर घेऊन गेला असाल तर थोडा वेळ थांबूनच निघा. त्या रात्री स्वप्नं जास्त पडू शकतात, घरी आधीच सांगून ठेवा. ड्यूटीच्या आदल्या संध्याकाळची वेळ घेऊ नका, साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवसाची घ्या.

घरी रोज करायचं

स्पीगेल आणि त्यांचे वडील हर्बर्ट स्पीगेल यांची आणखी एक छोटी रीत आहे. खुर्चीत बसा. एक म्हणताना मान न हलवता डोळे वर, भुवयांकडे न्या. दोन म्हणताना डोळे वरच ठेवून पापण्या हळू मिटा आणि लांब श्वास घ्या. तीन म्हणताना श्वास सोडा, डोळे सैल सोडा, अंग पाण्यावर तरंगतंय असं वाटू द्या. मग आपली सुरक्षित जागा, बोटं जुळवलेली, पाचेक मिनिटं. बाहेर येताना तीन, दोन, एक. सकाळी चहाआधी आणि रात्री झोपण्याआधी करा. कॅबमध्ये, गाडी चालवताना, यंत्रावर काम करताना मुळीच नाही. आणि घटनेचा पडदा घरी एकट्याने उघडायचा नाही, तो दवाखान्यातच.

जागेपणी अचानक ते समोर आलं तर डोळे मिटू नका, उघडे ठेवा. तारीख म्हणा, स्टेशनचं नाव म्हणा, हातात थंड काहीतरी धरा. तेव्हा काम असतं परत 'आज'मध्ये येण्याचं, आत जाण्याचं नव्हे.

टाळाटाळ मात्र हळूहळू मोडावीच लागते, नाहीतर संमोहन नुसतं आरामाचं साधन होऊन बसतं. मी आधी मुलाची पिशवी हातात घ्यायला लागलो, मग तिच्यात डबा भरून द्यायला. त्या पट्ट्यातून प्रवासी म्हणून गेलो, बायकोला शेजारी बसवून. पायऱ्या थेरपिस्टबरोबर ठरवा, एकदम शेवटच्या पायरीवर उडी नको.

घरचे आणि नोकरी

घरच्यांनी झोपेत अंगाला हात लावून उठवू नये, पायाकडून नावाने हाक मारावी. माझ्या बायकोने चादरीचा किस्सा दोनदा झाल्यावर हे स्वतःच शोधून काढलं. "तू थोडंच मुद्दाम केलंस" हे वाक्य चांगल्या मनाने येतं, पण पन्नासदा ऐकल्यावर माणूस बोलणंच बंद करतो. त्यापेक्षा "आज झोप कशी झाली?" एवढं पुरतं.

रनिंग स्टाफ त्रास लपवतो तो डिकॅट होण्याच्या, म्हणजे मेडिकल कॅटेगरी खाली येऊन गाडीवरचं काम जाण्याच्या, भीतीने. भीती खोटी नाही, वरच्या मेडिकल कॅटेगरीवर भत्ते आणि प्रतिष्ठा दोन्ही अवलंबून असतात. पण झोप न झालेला माणूस हँडलवर बसणं हे त्याहून वाईट. रनओव्हर झाल्यावर ट्रिप पुढे नेण्याच्या स्थितीत नसाल तर कंट्रोल रूमला आणि लॉबीत स्पष्ट सांगा, शक्यतो लेखी. सुस्ती आणणारं औषध सुरू झालं तर ते रेल्वेच्या डॉक्टरला कळवलंच पाहिजे. आणि काम बदलावंच लागलं तर २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्याचं कलम २० युनियनच्या माणसाबरोबर बसून वाचा. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढून टाकता येत नाही की हुद्दा कमी करता येत नाही, असं त्यात आहे, आणि कायद्याच्या यादीत मानसिक आजारही आहे. विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला हवं. पॉलिसीची कलमं काढून विचारा.

फरक कसा मोजायचा? सुरुवातीला लिहून ठेवलेला पीसीएलचा आकडा काढा आणि काही सिटिंगनंतर यादी पुन्हा भरा. दहाएक गुण खाली आले असतील तर उपचार लागू पडतोय. झोप सहसा आधी सुधारते, दचकणं मागाहून. महिना-दोन महिने नीट करूनही आकडा जागचा हलत नसेल, तर थेरपिस्टशी उघड बोला, ईएमडीआर किंवा एक्स्पोजरसाठी दुसऱ्याकडे चिठ्ठी मागा. औषध चालू असेल तर ते मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका.